दुपारी येणारा

१

त्याचं काम पावलांचं, म्हणून स्टुडिओत सगळे त्याला पावल्या म्हणत.

चित्रपटात नायक जिना चढतो तेव्हा ऐकू येणारी पावलं बहुतेक वेळा नायकाची नसतात. ती नंतर कधीतरी, एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत बघत दुसराच कुणीतरी वाजवत असतो. तो दुसरा म्हणजे पावल्या. त्याच्या खोलीत कुठे लाकडी फळ्या, कुठे फरशी, कुठे रेतीचा चौकोन, आणि भिंतीला लागून जुन्या बुटांचा हा मोठा ढीग. लठ्ठ सावकाश माणूस, घाईतली नर्स, नुकतीच नोकरी गेलेला बाप, सगळ्यांना तो आपल्या दोन पायांतून काढायचा. काचेपलीकडे त्याचा मावसभाऊ यंत्रापाशी बसून ते आवाज टिपून घ्यायचा. दोघं लहानपणापासूनचे सोबती. सकाळी भांडायचे आणि डबा उघडेपर्यंत विसरायचे.

पावल्याची बायको शाळेत गणित शिकवायची. सकाळची शाळा, दुपारी घरी. तो तिला लाडानं मास्तरीणबाई म्हणायचा. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दोघं एकमेकांना कंटाळली होती असं मुळीच नाही, फक्त एकमेकांकडे नीट बघायला वेळ होत नव्हता. तो रात्री जेवायच्या वेळी घरी यायचा तोवर तिचे डोळे पेंगुळलेले असायचे. ती वर्गातली एखादी गंमत सांगायची, तो ‘हं, हं’ करत घास घ्यायचा, आणि मग दिवा मालवायचा. असा संसार ठीक चाललाय असंच कुणीही म्हणेल. तोही म्हणायचा.

त्या वर्षी एक चित्रपट कामाला आला. त्यात नवरा, बायको, आणि नवऱ्याच्या डोक्यात घर करून बसलेला तिसरा माणूस. बायकोचं कुठे काही चाललंय असा नवऱ्याला संशय येतो आणि एका दुपारी तो न सांगता घरी येतो. जिना चढतो, दाराबाहेर उभा राहतो. बोलणं अजिबात नाही, नुसती पावलं. सगळा प्रसंग पावल्याच्या पायांवर उभा.

आणि तोच काही केल्या जमेना. दिग्दर्शिका कामात कडक, पण बोलायला गोड बाई. तिनं पुन्हा एकदा मान हलवली.

“छान आहे हो. पण ही घरी येणाऱ्या माणसाची पावलं आहेत.”

“मग तो घरीच येतोय की.”

“तो घरी येत नाहीये. पकडायला येतोय.” ती जरा हसली. “तुम्ही कधी बायकोवर संशय घेतलाच नाहीत का?”

“सवडच मिळाली नाही.”

काचेपलीकडे मावसभाऊ खुदकन हसला.

“मग असं करा,” दिग्दर्शिका म्हणाली, “एक दिवस भलत्या वेळी घरी जा. न सांगता. आणि बघा, पाय काय करतात ते.”

२

कल्पना त्याला आवडली. खिशात मावेल असं आवाज टिपायचं छोटं यंत्र घेऊन दुसऱ्याच दिवशी दुपारी तो निघाला. वाटेत त्याला स्वतःचंच हसू येत होतं. बेल वाजवायची, मास्तरीणबाईंची धांदल बघायची, आयता चहा प्यायचा आणि परत यायचं, असा बेत.

दुपारचं घर त्यानं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. जिन्याच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा पायऱ्यांवर पडलेला. कुठेतरी कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं. खिशातलं यंत्र चालू करून तो जिना चढू लागला. डाव्या पायाची टाच नेहमीप्रमाणे जराशी घासत होती. लहानपणी सायकलवरून पडला होता, त्याची ही आठवण. काम करताना तो ती खोड दाबून टाकायचा, पण एरवी पाय मोकळा सोडला की टाच बोलायचीच.

दाराशी तो पोचला. बेलकडे हात नेला आणि थांबला.

आत बायको हसत होती.

हसणं म्हणजे साधं नाही. तोंडावर हात धरून, आतल्या आत, खांदे हलतील असं. लग्नाच्या सुरुवातीच्या दिवसांत ती अशी हसायची. मग कधी थांबली हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आता ते हसू ऐकलं तेव्हा कळलं, की थांबलं होतं.

बहिणीचा फोन असणार, त्यानं मनाशी म्हटलं. आत कप बशीवर टेकला. ती काहीतरी बोलली, मग गप्प झाली, मग “चल, काहीतरीच!” म्हणाली.

बेल वाजवण्यात काहीच अडचण नव्हती. पण एवढा वेळ दाराबाहेर चोरासारखा उभा राहिलो याचीच त्याला लाज वाटली, आणि पायांनी त्याला आल्या वाटेनं खाली नेलं.

३

“जिना चांगला आलाय,” मावसभाऊ कानावरचे हेडफोन सारखे करत म्हणाला. “पण अजून भोळाच चढतोयस. आणि हे पुढचं कशाला ठेवलंस? आत गेल्यावर यंत्र बंद करायचं ना.”

“आत गेलोच नाही मी.”

“गेला नाहीस? मग हे काय?”

त्यानं आवाज मोठा केला. दारामागून आलेला, दबलेला, पण स्पष्ट. बायकोचं हसू. कपाचा आवाज. मग खुर्ची सरकली आणि कुणीतरी उठून चालत गेलं. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत, सावकाश, घरच्या माणसासारखं.

पावल्यानं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

जगातली सगळी पावलं माणूस विसरेल, पण स्वतःची कशी विसरेल? डाव्या पायाची टाच घासत होती.

“म्हणजे बघ,” मावसभाऊ म्हणाला, “तूच आत बायकोजवळ बसला होतास आणि तूच बाहेरून कान लावून ऐकत होतास. बाकी सगळं ठीक ना?”

“थट्टा नको.”

“अरे, यंत्र जुनं आहे. जिन्यावरचा आवाज पुढच्यात मिसळला असेल. होतं असं कधी कधी.” त्यानं पावल्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. “हा चित्रपट डोक्यात गेलाय तुझ्या. आज लवकर घरी जा.”

जिन्यावरचा आवाज. पावल्यानं मान डोलावली. पटण्यासारखं होतं. फक्त जिना दगडी होता, आणि ही पावलं लाकडावर पडत होती. घरात स्वयंपाकघर आणि खिडकी यांच्यामध्ये लाकडी जमीन होती.

४

त्यानंतर तो बघायला लागला. नको म्हणत होता, तरी डोळे जिथे जायचे तिथे जातच होते. ओट्याशेजारी निथळत ठेवलेले दोन कप. खिडकीजवळची खुर्ची, जी पूर्वी कपड्यांचा ढीग वाहायची, ती आता मोकळी आणि पुसलेली. बायकोच्या चेहऱ्यावरचा ओढलेपणा गेला होता. जेवताना ती गुणगुणायची. आणि मध्येच म्हणायची, “दुपारी म्हणालास ना, तसंच केलं मी. त्या मुलाला पुढच्या बाकावर बसवलं. सुधारतोय.”

असं ‘दुपारी म्हणालास ना’ तिच्या बोलण्यात कित्येक दिवस येत होतं. फोनवर काही बोललो असेन, असं समजून तो ‘हं’ करत आला होता. आता त्यानं आठवून पाहिलं. दुपारी त्यानं तिला फोन कधी केलाच नव्हता. स्टुडिओतल्या त्या खोलीत फोन नेताच येत नसे.

त्याच्याच चालीचा कुणी माणूस असेल. जगात काय एकाच माणसाची टाच घासते? शाळेतला एखादा शिक्षक असेल. विचार कडू होता, पण त्यात एक आधारही होता. बायकोचं कुठे मन गेलंय हे दुःख माणसाला निदान समजतं तरी. रडता येतं, भांडता येतं.

तो आधार तळमजल्यावरच्या आजींनी काढून घेतला. एका सकाळी त्या दारात उभ्या राहून कुंडीला पाणी घालत होत्या.

“बरं करतोस बाळा, हल्ली दुपारचा घरी येतोस ते,” त्या म्हणाल्या. “पोर एकटी असते. किती खुलली आहे बघ.”

“मी? मी दुपारी कामावर असतो आजी.”

“असतोस रे. पण येतोस ना तासभर. रोज बघते की मी. हाक मारली तर उत्तर देत नाहीस, तेवढं मात्र बरं नाही.”

आजींना मोतीबिंदू आहे, त्यानं स्वतःला सांगितलं. पण त्या नेहमी लांबूनच ओळखायच्या, आणि नजरेनं नव्हे. पावल्याला त्या त्याच्या पावलांवरून ओळखायच्या.

५

त्या संध्याकाळी तो लवकर घरी आला. बायको पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. तोही शेजारी बसला, एक टॉवेल ओढून घेतला. थोडा वेळ दोघं नुसत्याच घड्या घालत राहिली.

“मास्तरीणबाई,” तो म्हणाला, “दुपारी कोण येतं?”

तिनं भुवया उंचावल्या. मग डोळे चमकले. “येतो एक. देखणा आहे. जरासा लंगडतो.”

“खरं सांग.”

“खरंच सांगतेय. बेल वाजवत नाही. दाराशी येऊन नुसता उभा राहतो, आणि मला आपलं कळतं. मग मी दार उघडते.” ती हसली. “स्वतःचाच मत्सर वाटायला लागला की काय तुला?”

त्याच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. “बोलतो काय तो?”

“आता ते माझ्याकडून ऐकायचंय होय?” ती लाजली. एवढ्या वर्षांनी लाजली. “पहिल्यांदा आलास तेव्हा मी घाबरलेच होते. म्हटलं काय झालं, बरं नाही की काय. तर म्हणालास, तुला उजेडात बघून किती दिवस झाले. मला ना, रडूच आलं. तू गेल्यावर आलं, तुझ्यासमोर नाही.”

 हे वाक्य त्याला माहीत होतं. त्या चित्रपटाचं काम सुरू झालं तेव्हा, अंधाऱ्या खोलीत उभा असताना, पडद्यावरच्या बाईच्या चेहऱ्यावर ऊन पडलेलं बघून त्याच्या मनात ते आलं होतं. शब्दनशब्द हेच. पण त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं. संध्याकाळी घरी जाऊन हिला सांगावं असं ठरवलं होतं, आणि जेवताना विसरला होता.

“आणि चहात साखर?” त्यानं विचारलं. आवाज आपलाच आहे ना, असं त्याला वाटून गेलं.

“ती मात्र दुपारी घेतोस. दोन चमचे. एरवी बिनसाखरेचा, आणि दुपारी लहान मुलासारखा. तेवढंच काय ते वेगळं.” तिनं त्याच्या गालाला हात लावला. “अरे, गार पडलायस. काय झालं?”

‘अगं, मी नाही येत दुपारी.’ वाक्य अगदी ओठांवर होतं. पण तिच्या चेहऱ्यावरचा तो उजेड त्यानं पाहिला. हे वाक्य बोललो तर हिचं सुख तर जाईलच, शिवाय इतके दिवस आपण कुणाला दार उघडलं, कुणाशेजारी बसलो, हा प्रश्न हिला जन्मभर पुरेल. आपला हात कुणाच्या हातात होता, हा प्रश्न.

“काही नाही,” तो म्हणाला. “दमलो जरा.”

तिनं त्याचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. केसांतून बोटं फिरवत राहिली. तो डोळे उघडे ठेवून पडून राहिला.

६

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. बायकोनं त्याला पाहिलं आणि पोरींच्या घोळक्यातून जवळजवळ धावतच आली.

“आज थेट इथेच?”

“म्हटलं, बरोबर जाऊ.”

वाटेनं तिनं त्याचा हात धरला. त्याच्या मनात एकच होतं, आज त्या दुपारी येणाऱ्याच्या आधी घरात आपण असायचं. पुढचं त्यानं काहीच ठरवलं नव्हतं. पुढचं ठरवता येण्यासारखं नव्हतं.

घरात आल्यावर तिनं चहा ठेवला. दोन चमचे साखर घालून त्याच्यापुढे केला. तो निमूटपणे प्यायला. खिडकीतून ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. तिथे एक तीळ होता, तो आपण विसरलो होतो हे त्याला तेव्हाच कळलं.

“आज असा पाहुण्यासारखा का बसलायस?” तिनं विचारलं. “रोज किती बोलतोस.”

ते त्याला लागलं. भीतीपेक्षाही खोल लागलं. हिच्याशी दुपारभर बोलणारा कुणीतरी आहे, आणि आपल्याला सुरुवातसुद्धा करता येत नाही. मग त्यानं सुरुवात केली. दिग्दर्शिकेला हवी तशी पावलं जमत नाहीत, हे सांगितलं. तिनं काय विचारलं आणि आपण काय उत्तर दिलं, तेही सांगितलं. “सवडच मिळाली नाही!” बायको म्हणाली, आणि तोंडावर हात धरून, खांदे हलवत, ती हसायला लागली. तेच हसू. त्याच्यासाठी. त्यालाही हसू आलं. क्षणभर त्या घरात फक्त नवरा आणि बायको होती, आणि त्या क्षणात काहीच वावगं नव्हतं.

तेव्हा खाली जिन्यावर पाऊल वाजलं.

हसता हसता तो थांबला. दगडी पायरी. दुसरी. डाव्या पायाची टाच घासली. वर येत होतं कुणीतरी, नेहमीच्या वाटेनं यावं तसं. मग मधल्या वळणावर चाल बदलली. आतला आवाज ऐकला असावा. आता आधी चवडा टेकत होता, मग हळूच टाच, अंगाचं वजन मागे धरून, श्वास आवरून. पावल्यानं आपल्या पायांतून किती दिवस काढायचा प्रयत्न केला होता, ती ही चाल. हा घरी येत नव्हता. पकडायला येत होता.

बायकोनंही ऐकलं. सवयीनं ती खुर्चीतून अर्धी उठली, दार उघडायला. चेहऱ्यावर रोजचं हसू आलं होतं. आणि मग तिला कळलं, की ज्याच्यासाठी आपण उठलो तो तर समोर बसलाय.

ते हसू उतरताना त्यानं पाहिलं. तिनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांकडे, हातातल्या कपाकडे, पायांकडे. वर्गात एखादं उदाहरण फळ्यावर दोनदा सोडवलं आणि दोन उत्तरं आली, तर बघावं तसं.

दाराखालच्या फटीतून जिन्यावरचा उजेड आत यायचा. त्या उजेडात आता दोन काळे ठिपके होते. पावलांएवढे. बेल वाजली नाही.

“जाऊ नकोस,” तो म्हणाला. किंवा म्हणाला असं त्याला वाटलं.

ती गेली. लाकडी जमिनीवरून, आवाज न करता. त्याला उठायचं होतं, पण साऱ्या जगासाठी चाललेले ते पाय जागचे हलेनात. ती दाराशी पोचली, भिंगाच्या भोकाला डोळा लावला, आणि तशीच राहिली. बराच वेळ. तिचा तळहात दारावर टेकलेला होता, आपल्या माणसाच्या छातीवर टेकावा तसा.

मग त्याच हातानं तिनं आतली कडी लावून घेतली.

ती परत आली आणि त्याला अगदी चिकटून बसली.  फटीतले ठिपके तसेच होते. दोघं त्यांच्याकडे बघत राहिली. एकदा कधीतरी पाहिलं तर फटीत नुसता उजेड होता. पण जिना उतरल्याचा आवाज आला नाही. पावल्याच्या कानांतून तो आवाज सुटणं शक्यच नव्हतं.

“काय दिसलं?” त्यानं विचारलं.

तिनं डोळे पुसले.

“खूप थकलेला होता,” ती म्हणाली.

७

पुढे तो चित्रपट पुरा झाला. त्या प्रसंगाची पावलं पावल्यानं एकाच खेपेत दिली, आणि दिग्दर्शिका काचेपलीकडे उभी राहून टाळ्या वाजवत होती. मावसभावानं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. “कुठून आणलंस हे?” एवढंच त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता यंत्र बंद केलं. पावल्यानं त्याच दिवशी त्याच्याकडून सकाळची पाळी मागून घेतली. आता तो रोज दुपारी घरी असतो.

दाराशी आल्यावर तो आधी बोलतो. तसं त्यांचं ठरलंय, न ठरवता. “मास्तरीणबाई, मी आलो,” असं काहीतरी. आतून ती म्हणते, “आणखी बोल.” मग तो बाजारात काय मिळालं, पायात कसा गोळा आला, काहीही सांगत राहतो, आणि कुठल्यातरी शब्दाला कडी निघते. कुठला शब्द, हे त्याला अजून कळलेलं नाही. तो विचारतही नाही.

बाकी सगळं छान आहे. खरंच छान आहे. दोघं खिडकीशी बसतात. ती वह्या तपासते, तो तिला चिडवतो. इतकी वर्षं साठलेलं बोलणं हळूहळू बाहेर येतंय. कधी ती बोलता बोलता थांबते आणि दाराकडे बघते, तेव्हा तोही बघतो. मग दोघंही दुसरं काहीतरी बोलायला लागतात. त्या दुपारबद्दल दोघांनी एकमेकांना काही विचारलेलं नाही.

फक्त एकदा. बाहेर कडक ऊन होतं, रस्ता सुनसान पडला होता. ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून पेंगत होती, त्याचा हात तिच्या दोन्ही हातांत. झोपली असं वाटून त्यानं पडदा ओढायला हात सोडवला, तर तिनं तो घट्ट धरला.

“ऐक ना,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “त्या दिवशी आपण आत घ्यायला हवं होतं का रे?”

“कुणाला?”

तिनं त्याचा हात उचलून आपल्या गालाशी धरला. मायेनं.

“तुला,” ती म्हणाली, आणि मग खरंच तिला झोप लागली.